भुकेला कोंडा

‘निजेला धोंडा आणि भुकेला कोंडा’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळली आहे की, तिच्यातील कोंडा म्हणजे नेमके काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. झोप अनावर झालेल्या माणसाला उशाला दगड चालतो आणि भुकेने व्याकुळ झालेल्याला कोंडाही गोड लागतो, हा तिचा सरळ अर्थ. दाणा दळून चाळल्यावर चाळणीत जे सालपट उरते तो कोंडा; म्हणजे जनावरापुढे टाकावयाची, आणि माणसाने फक्त लाचारीने खावयाची वस्तू. ‘कोंड्याचा मांडा करणे’ या वाक्प्रचारात स्तुती आहे ती गृहिणीच्या हाताची, कोंड्याची नाही. अशा या तिरस्कृत वस्तूला गेल्या शंभर वर्षांत वैद्यकशास्त्राने मानाचे पान वाढले, आणि ज्या मुलुखात ती दोन्ही वेळच्या भाकरीतून न मागता पोटात जात असे, त्याच मुलुखातील औषधांच्या दुकानांत दुसऱ्या एका झाडाचा कोंडा डबीत भरून विकत मिळू लागला. ही हकीकत बीड जिल्ह्याच्या अंगाने पाहिली असता विशेष उद्‌बोधक ठरते.

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, मधून बालाघाटाची डोंगररांग जाते आणि त्याच रांगेत पाटोदे तालुक्यात मांजरा नदी उगम पावते. पर्जन्यछायेतील हा प्रदेश. पाऊस थोडा आणि लहरी. आष्टी-पाटोद्याकडील हलक्या, मुरमाड जमिनीत खरिपाची बाजरी, आणि गेवराई-माजलगावकडील गोदाकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीची शाळू ज्वारी, अशी येथील जुनी वाटणी. पावसाळा सरत आला की शाळू पेरावयाची, काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या थंडीवर ती वाढवावयाची, पौषात कोवळ्या कणसांचा हुरडा भाजून खावयाचा आणि माघ-फाल्गुनात कापणी करावयाची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. भात हा सणावाराचा किंवा आजाऱ्याचा. गव्हाची पोळी पाहुण्याची. रोजचे अन्न म्हणजे भाकरी.

या भाकरीचा एक गुण तिच्या घडणीतच आहे. गव्हाच्या पिठाला जो चिवटपणा असतो तो ज्वारीच्या पिठाला नाही. त्यामुळे ज्वारीचे पीठ गरम पाण्याने मळून, हाताने थापूनच भाकरी करावी लागते, आणि पीठ शिळे झाले की त्याची विरी जाऊन भाकरी थापताना चिरते. म्हणून दळण चार-दोन दिवसांपुरतेच. बायका पहाटे जात्यावर बसत. पुढे तालुक्याच्या गावी आणि मग खेडोपाडी इंजिनाच्या गिरण्या आल्या, तरी दळणाचा प्रकार बदलला नाही. दोन दगडांमध्ये दाणा अख्खा चिरडला जाई. जाड चाळणीने काडीकचरा तेवढा निघे. सालपट पिठातच राही. कोंडा वेगळा काढावा, ही सोयही नव्हती आणि चैनही परवडणारी नव्हती.

ज्वारीच्या शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे दहा ग्रॅम आणि बाजरीत अकरा ग्रॅमहून किंचित अधिक चोथा असतो, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांत नोंदले आहे. चोथा म्हणजे वनस्पतीच्या पेशींतील तो भाग, की जो माणसाच्या लहान आतड्यातील पाचकरसांना दाद देत नाही आणि तसाच मोठ्या आतड्यात उतरतो; हल्लीच्या पुस्तकी भाषेत यालाच तंतुमय पदार्थ म्हणतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तो शंभर ग्रॅमना तीन ग्रॅमही भरत नाही, मैद्याचेही तेच. शेतात राबणाऱ्या गड्याच्या दिवसभराच्या भाकऱ्यांना अर्धा किलो पीठ लागते असे धरले, तर केवळ भाकरीतूनच त्याच्या पोटात पन्नास ग्रॅम चोथा जाई. वर तुरीचे वरण, अंबाडीची किंवा घोळीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कुळथाचे शेंगोळे, ज्वारीच्या कण्या आणि ताक. अशा माणसाला पोट साफ होण्याचे औषध विकणे म्हणजे गोदाकाठी पाणी विकण्यासारखे होते.

परंतु यावरून ते सुवर्णयुग होते असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खनचे पठार उजाड केले. अन्नच नाही तेथे चोथ्याचा हिशेब कोण करणार? शिवाय भाकरीचा अतिरेकही निर्दोष नव्हता. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग आढळे; त्यात उन्हाचा लागणारा कातडीचा भाग काळवंडतो, जुलाब लागतात आणि पुढे बुद्धीवरही परिणाम होतो. सी. गोपालन व श्रीकांतिया या दोघा संशोधकांनी १९६० साली या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्यूसीन नामक घटकाशी जोडला. त्यांच्या उपपत्तीवर पुढे वाद झाला. पण केवळ ज्वारीवर जगणे म्हणजे आरोग्य नव्हे, ही गोष्ट त्यांच्या कामामुळे निर्विवाद झाली. डाळ, भाजी, ताक यांची जोड असेल तरच भाकरी अंगी लागे. आणि नेमकी ही जोडच गरिबाच्या ताटातून प्रथम नाहीशी होई.

पोटाच्या तक्रारींवर जुन्या वैद्यांचा भर कशावर होता, हे पाहण्यासारखे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय ‘न वेगान् धारणीय’ या नावाने प्रसिद्ध आहे. शरीराचे जे स्वाभाविक वेग आहेत, म्हणजे मळ, मूत्र, शिंक, जांभई, तहान, भूक, झोप इत्यादी, ते अडवून धरू नयेत, असा त्याचा विषय. असे तेरा वेग तेथे मोजले आहेत. औषधाच्या आधी सवयीचा विचार करणारी ही दृष्टी मोठी मार्मिक होय. औषधांपैकी हिरडा, बेहडा आणि आवळा यांचा त्रिफळा घरोघरी असे. सोनामुखीची पाने आणि एरंडेल यांचा प्रयोग अधिक कडक. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. सोनामुखी आणि एरंडेल ही आतड्याला चाबूक मारणारी औषधे आहेत; ती आतड्याला हालचाल करावयास भाग पाडतात. चोथ्याचे काम वेगळे. तो मळाला आकार, वजन आणि ओलावा देतो, आणि मग आतडे आपल्या स्वभावाने त्याला पुढे सारते. पहिला उपाय प्रसंगाचा, दुसरा नित्याचा.

या दुसऱ्या वर्गातील औषध म्हणजे इसबगोल. हा शब्द मूळ फारसी. ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘घोल’ म्हणजे कान. बियांचा आकार घोड्याच्या कानासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. अरबी ग्रंथांत त्याला ‘बज्र-कतूना’ म्हणतात. हे औषध हिंदुस्थानात रुळले ते मुख्यतः युनानी हकिमांच्या हाताने, आणि बीडचा प्रदेश १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात युनानी वैद्यकाला दरबारचा आश्रय होता. तेव्हा बीडच्या बाजारपेठेला इसबगोल हे नाव परके नव्हते. १८६८ साली इंग्रज सरकारने सिद्ध केलेल्या भारतीय औषधकोशात त्याची नोंद झाली. चमत्कार असा की, आज बद्धकोष्ठावर म्हणून घेतले जाणारे हे द्रव्य त्या काळी साहेबांच्या दवाखान्यात जुनाट अतिसारावर दिले जाई. दोन्ही उपयोग खरे आहेत. इसबगोलाच्या बीवरचा पातळ पापुद्रा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून बुळबुळीत लगदा होतो. मळ कोरडा असेल तर तो लगदा त्यात ओलावा राखतो; पातळ असेल तर जास्तीचे पाणी धरून ठेवतो. एकाच वस्तूने दोन विरुद्ध व्याधींवर उतारा पडावा याचे कारण एवढेच.

हा पापुद्रा म्हणजे तरी काय? बी सडून वेगळा काढलेला कोंडाच तो! उत्तर गुजरातेत आणि राजस्थानात या पिकाची लागवड होते. उंझा आणि सिद्धपूर या गावी त्याच्या गिरण्या आहेत. जगाला लागणाऱ्या इसबगोलाचा फार मोठा वाटा हिंदुस्थानातून जातो. अमेरिकेत १९३४ साली ‘मेटाम्युसिल’ या नावाने तो बाजारात आला आणि साहेबांच्या घरात शिरला. ज्वारीचा कोंडा खाणारा अडाणी आणि इसबगोलाचा कोंडा पिणारा सुधारलेला, असा हा न्याय आहे.

पश्चिमेकडील लोकांना कोंड्याची आठवण होण्याचे कारण त्यांनी तो घालविला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या. दगडी जात्यात दाणा चिरडला जातो. या रुळांत त्याचे थर एकामागून एक उलगडून पांढरे पीठ स्वच्छ वेगळे काढता येते. पूर्वी जो पांढरा पाव श्रीमंतांच्या टेबलावर दिसे, तो मजुराला मिळू लागला. सगळ्यांना आनंद झाला. पुढे काय होईल याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती.

या संशोधनाचा एक धागा हिंदुस्थानातूनच निघतो. सर रॉबर्ट मॅककॅरिसन हे इंग्रजी लष्करातील डॉक्टर हिमालयाच्या उत्तर सीमेवर नऊ वर्षे होते. १९२१ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितले की, त्या डोंगरी लोकांत अपचन, जठरातील व्रण, अंत्रपुच्छाचा दाह किंवा आतड्याचा कर्करोग आपल्याला एकदाही आढळला नाही. पुढे मद्रास इलाख्यात कुन्नूर येथे त्यांनी उंदरांना निरनिराळ्या प्रांतांचे जेवण चारून पाहिले. पंजाबकडील अख्ख्या गव्हाची रोटी, दूध, डाळ व भाजी खाणारे उंदीर धष्टपुष्ट झाले. पांढऱ्या तांदळावर वाढविलेले खंगले. मॅककॅरिसन यांनी याचे श्रेय मुख्यतः जीवनसत्त्वांना दिले. चोथ्याकडे त्यांचे तितकेसे लक्ष नव्हते. त्यांची ती प्रयोगशाळाच १९५०च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादेस आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात वर्धा येथे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानेही हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे न चाळलेले पीठ यांचा पुरस्कार केला होता. पण तो खादीच्याच गाठोड्यात बांधला गेला, आणि वैद्यांनी त्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या महायुद्धात ‘किंग जॉर्ज पाचवा’ या इंग्रजी युद्धनौकेवर क्लीव्ह नावाचे वैद्यकीय अधिकारी होते. महिनोन्‌महिने ताजी भाजी नसलेल्या खलाशांना बद्धकोष्ठाने हैराण केले होते. क्लीव्ह यांनी त्यांना गव्हाचा कच्चा कोंडा चारला आणि तक्रार मिटली. पुढे पांढरी साखर आणि पांढरे पीठ यांच्यामुळे उद्भवणाऱ्या नाना विकारांचा एकच मूळ रोग आहे, असे मत त्यांनी मांडले आणि त्याला शर्करारोग म्हटले. त्यांचा आवेश थोडा प्रचारकाचा होता. पण त्यांचे म्हणणे युगांडात वीस वर्षांच्या आसपास शस्त्रक्रिया करून परतलेल्या डेनिस बर्किट यांच्या कानी पडले, आणि विषयाला खरा वाली मिळाला. लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका विशिष्ट अर्बुदाच्या शोधामुळे बर्किट यांचे नाव आधीच जगभर झाले होते. इंग्लंडातील इस्पितळे ज्या रोगांनी भरली होती, ते आतड्याचे रोग आफ्रिकेच्या खेड्यांत आपल्याला जवळजवळ दिसलेच नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी दूरदूरच्या मिशनरी दवाखान्यांना पत्रे घातली, आकडे जमविले; आणि अखेर जे काम करावयास सभ्य माणूस लाजेल ते केले. ठिकठिकाणच्या लोकांच्या मळाचे वजन केले आणि अन्न तोंडातून निघून बाहेर पडण्यास किती तास लागतात ते मोजले.

वॉकर आणि पेंटर या सहकाऱ्यांसह लिहिलेला त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’ या पत्रात ३० डिसेंबर १९७२ रोजी प्रसिद्ध झाला. युगांडातील खेडुतांच्या मळाचे वजन दिवसाला ४०० ग्रॅमहून अधिक भरे आणि अन्नाचा प्रवास सुमारे दीड दिवसात संपे. इंग्रजांचे वजन जेमतेम शंभर ग्रॅम आणि प्रवास तीन दिवसांहून लांब. आतड्याच्या भित्तीला पिशव्या फुटण्याचा जो विकार इंग्लंडातील वृद्धांत सर्रास आढळे, त्यावर तोवर डॉक्टर मऊ आणि चोथारहित अन्न सांगत. पेंटर यांनी कोंडा देऊन रोग्यांना बरे वाटते असे दाखविले. पन्नास वर्षांचे पथ्य उलटे फिरले.

आता त्याच डिसेंबर महिन्यात बीड जिल्ह्यात काय चालले होते? १९७२ चा दुष्काळ. खरीप करपून गेले होते, रब्बीची पेर झाली नव्हती. शेतकरी, शेतमजूर, त्यांच्या बायका आणि म्हातारी माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत होती, पाझर तलावांची माती वाहत होती. कामावरच्या लेकरांना सुकडी मिळे. रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेला मिलो आला. मिलो म्हणजे एका जातीची लाल ज्वारीच. अमेरिकेत ती जनावरांना घालतात. तिची तांबूस भाकरी मराठवाड्याच्या तोंडाला कधी रुचली नाही, आणि त्या वर्षाची आठवण निघाली की जुनी माणसे प्रथम मिलोचेच नाव घेतात. तिकडे लंडनमध्ये आफ्रिकेच्या ज्वारी-मक्याच्या जेवणाचे गुण छापले जात होते, आणि इकडे ज्वारीच्या मुलुखाच्या घशाखाली परदेशी ज्वारी उतरत नव्हती. चोथ्याच्या हिशेबाने पाहिले तर मिलोत काही उणे नव्हते. माणूस मात्र कोष्टके खात नाही.

त्या दुष्काळातून रोजगार हमीचा कायदा निघाला. १९७४ साली अंबाजोगाईस ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आणि ताटही बदलू लागले. त्याआधीच, १९६४ पासून, संकरित ज्वारी आली होती. तिने दाणा भरपूर दिला. पण ऐन कापणीच्या वेळी पाऊस झाला की तो काळा पडे आणि भाव कोसळे. पुढे खरिपाच्या रानात ज्वारीची जागा कापसाने आणि नंतर सोयाबीनने घेतली. रेशनवर गहू आणि तांदूळ यांचीच मुख्यतः चलती राहिली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरड धान्यालाही एक रुपया किलोचा भाव ठरवून दिला होता, परंतु पोती आली ती बहुधा गव्हातांदळाचीच. अलीकडे तर चांगली शाळू बाजारात गव्हाहून महाग झाली. श्रीमंतांची पोळी गरिबाला स्वस्त आणि गरिबाची भाकरी महाग, असा उलटा व्यवहार झाला.

येथे गव्हाला मात्र दोष देऊ नये. अख्ख्या गव्हाच्या पिठात ज्वारीइतकाच चोथा असतो, आणि घरच्या दळणाची चपाती ही काही पांढरा पाव नव्हे. खोट आली ती पांढऱ्या भाताने, मैद्याच्या खारीने, चहाबरोबरच्या बिस्किटाने, आणि रानभाज्यांचा व कडधान्यांचा वाटा आखडल्याने. शंभर ग्रॅम ज्वारीच्या जागी शंभर ग्रॅम पांढरा तांदूळ आला की चोथा दहावरून तिनाच्याही खाली येतो.

बर्किट यांचे सर्वच म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले असे नाही. अमेरिकेतील सुमारे ८८ हजार परिचारिकांच्या सोळा वर्षांच्या पाहणीत चोथा आणि आतड्याचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. लगेच २००० साली दोन प्रयोगांचे निकाल आले, त्यांत आहारातील चोथा वाढवूनही आतड्यातील गाठी पुन्हा उगवावयाच्या थांबल्या नाहीत. २००३ साली युरोपातील दहा देशांच्या पाच लाखांवर लोकांच्या पाहणीने पारडे पुन्हा दुसरीकडे झुकविले. आणि २०१९ साली जुन्या सर्व अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन न्यूझीलंडमधील संशोधकांनी दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह व आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण कमी आढळते, असा निर्वाळा दिला. यांपैकी फार थोड्या गोष्टी प्रयोगाने सिद्ध झाल्या आहेत, बाकी निरीक्षणाच्या आहेत. बद्धकोष्ठापुरता मात्र वाद नाही. तेथे चोथ्याचा गुण बहुतेकांना येतो.

सगळा कोंडाही सारखा नव्हे. २००९ साली हॉलंडमध्ये चंचल आतड्याच्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्यात इसबगोलाने उतार पडला, गव्हाच्या कोंड्याने पडला नाही, उलट कित्येकांनी पोट फुगते म्हणून तो सोडून दिला. दुसऱ्या बाजूने पाहता, मोठ्या आतड्यात जे असंख्य सूक्ष्म जीव राहतात त्यांना इसबगोल फारसा खाता येत नाही. म्हणूनच तो पाणी धरून शेवटपर्यंत टिकतो. डाळी, कडधान्ये आणि भाकरी यांच्यातील काही चोथा व न पचलेले पिष्ट मात्र ते जीव आंबवितात आणि त्यातून जी आम्ले तयार होतात त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे, असे १९८० च्या सुमारास दाखविले गेले. म्हणजे डबीतला कोंडा भाकरीतल्या कोंड्याचे एक काम करतो. दुसरे करीत नाही. पोट साफ होईल, पण आतड्याच्या अस्तराची भूक त्याने फारशी भागणार नाही.

आणि डबीतल्या कोंड्याला पाणी हवे, ही अट तर कधीच सुटत नाही. इसबगोल कोरडा गिळला तर घशातच फुगून अडकण्याची भीती असते. भरपूर पाण्यावाचून तो आतड्यातही अडसर होतो. भाकरीच्या चोथ्यालाही पाणी लागतेच. आता बीड जिल्ह्यात पाण्याची स्थिती काय आहे? मराठवाड्यातील वृद्ध नेहमी म्हणतात की, बहात्तरच्या दुष्काळात धान्य नव्हते पण पाणी होते; पुढच्या दुष्काळांत धान्य होते पण पाणी नव्हते. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि त्यावर तहान भागविणाऱ्या लातूर शहराला रेल्वेने पाणी न्यावे लागले. बीड शहराजवळ निजामशाहीतील खजाना विहीर आहे. त्या काळच्या कारागिरांनी जमिनीखालून नहरी काढून तिचे पाणी शेतांना दिले. असली विहीर एकच. बाकी गावांना टँकरची वाट पाहावी लागली.

याहून बिकट गोष्ट ऊसतोड कामगारांची. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटेच्या अंधारात फड गाठावयाचा, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणे, गाडी भरणे, आणि रात्री पालात परत. जाताना घरची ज्वारी-बाजरी पोत्यात बांधून नेण्याची रीत आहे. म्हणून भाकरी तेथेही असते. नसते ते शौचालय. उजेडी उसाच्या फडात बाईमाणसाने जावयाचे कोठे? मग ती अंधार पडेपर्यंत वेग धरून ठेवते, आणि वेग येऊ नये म्हणून पाणीही कमी पिते. चरकाने ज्या अध्यायाला वेग न धरण्याचे नाव दिले, त्याच्या उलट दिनचर्या पोटासाठी तिच्यावर लादली गेली आहे. तिच्या बद्धकोष्ठावर इसबगोल सांगणारा डॉक्टर शास्त्राच्या दृष्टीने बरोबर असतो. मात्र त्या इसबगोलावर प्यावयाचे पेलाभर पाणी ती टाळणार, हे त्याने विचारलेले नसते. आणि ती तोडते तो ऊस? त्याचा सगळा चोथा चिपाडाच्या रूपाने कारखान्याच्या भट्टीत जातो आणि उरते ती पांढरीशुभ्र साखर, क्लीव्ह यांना जिचा इतका राग होता ती.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. शहरांतील उपाहारगृहांत ज्वारीचे पदार्थ आले, ज्वारीचे पोहे आणि बिस्किटे सुंदर वेष्टनांत दिसू लागली. बीडच्या शेतकऱ्याने मात्र शाळू मुळात कधी पूर्णपणे सोडली नव्हती, आणि याचे कारण पचनशास्त्राशी फारसे संबंधित नाही. संकरित जातींचे ताट बुटके. मालदांडीसारख्या जुन्या शाळूचे उंच. सोयाबीनचा भुसा आणि कापसाच्या पऱ्हाट्या यांनी गुरांचे पोट भरत नाही. त्यांना कडबा लागतो. दुष्काळाच्या साली कडब्याची पेंढी दाण्याइतकीच मोलाची होते. म्हणून ज्याच्या दावणीला दोन बैल किंवा एखादी दुभती म्हैस आहे, तो परसात गंज रचता येईल इतकी शाळू अजूनही पेरतो. जनावराच्या चोथ्याची सोय पाहता पाहता घरच्या माणसांच्या भाकरीलाही चार पोती दाणा मिळून जातो, आणि त्यातले एक कोयत्यावर जाणाऱ्या लेकासाठी बाजूला काढून ठेवले जाते.